सस्टेनेबल बिल्डिंगमध्ये मास्टर्स करावं का? (सिव्हिल, खेड्यातून, घरचे नाराज)

बेंबळाकाठ

नमस्कार मंडळी, लय दिवस नुसती वाचून राहिली होती, आज पहिला धागा काढते, सांभाळून घ्या.

मी सिव्हिल बीई, अमरावतीहून झाली, आता एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर. गाव दारव्हा तालुक्यात. आमची कामं म्हणजे घरकुलं, अंगणवाड्या, झेडपी शाळेच्या खोल्या, मधातच कोणाचं मंगल कार्यालय. ड्रॉइंग सगळीकडे एकच, वरचं नाव तेवढं बदलते. बारीक विटांची भिंत, वर स्लॅब नाहीतर टिन, खिडकी पश्चिमेला आली तर आली. मागच्या मे महिन्यात एका घरकुलाचं शेवटच्या हप्त्यासाठी मोजमाप घ्यायला गेली तर घरची आजी भर दुपारी गोठ्यात बसलेली, गोठा म्हणजे त्यांच्याच जुन्या मातीच्या घराचा उरलेला अर्धा भाग, नव्या घरात म्हणे जीव घाबरा होते. आणि कागदावर ते कच्चं अन् हे पक्कं.

तेव्हापासून डोक्यात आहे की हा विषय नीट शिकावा. नेटवर पाहिलं तर नावंच इतकी की डोकं फिरते, ग्रीन बिल्डिंग, बिल्डिंग एनर्जी, सस्टेनेबल आर्किटेक्चर, एन्व्हायर्नमेंटल डिझाइन, यात फरक काय? सिव्हिलवाल्याला एमआर्क, म्हणजे आर्किटेक्चरचं मास्टर्स, मिळते का? एमटेकसाठीची गेट परीक्षा द्यावी का? बाहेर जाण्यात अर्थ आहे का, आणि मुख्य म्हणजे परत आल्यावर यवतमाळ जिल्ह्यात याचं करायचं काय? बाबा म्हणतात एमपीएससी कर अन् गप बस. आई काही म्हणत नाही, म्हणजे तिला पण तेच म्हणायचं आहे.

निळा_कूलर

स्वागत ताई. मी अहमदाबादला सेप्टमधून बिल्डिंग एनर्जी परफॉर्मन्सचं एमटेक केलं, आता पुण्यात कन्सल्टन्सीत आहे, मूळ गाव आर्वीकडचं. जरा मोठं लिहितो.

पहिले एमआर्कचं. एमआर्कला बीआर्क लागते, सिव्हिलवर होत नाही. म्हणजे विजयवाड्याच्या एसपीएमध्ये सस्टेनेबल आर्किटेक्चर आहे, त्रिचीच्या एनआयटीत एनर्जी एफिशियंट आणि सस्टेनेबल आर्किटेक्चर आहे, ते सगळं आर्किटेक्ट लोकांसाठी. तुझ्यासाठी एमटेक. सेप्टला आर्किटेक्ट आणि इंजिनिअर दोघंही एकाच वर्गात असतात, आणि पहिलं सेमिस्टर दोघंही एकमेकांना हसण्यात जाते, आर्किटेक्टला वॅट आणि वॅट-अवर यातला फरक कळत नाही आणि आपल्याला सेक्शन काढता येत नाही. फी भक्कम आहे, आधीच सांगतो. मद्रास आयआयटीत बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट आहे, त्याला सिव्हिलची गेट. आणि मुंबई आयआयटीत सितारा म्हणून सेंटर आहे, खेड्यांसाठी टेक्नॉलॉजी हाच त्यांचा विषय, तिथं टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटचं एमटेक आहे, कुठल्याही ब्रँचचा इंजिनिअर चालतो, गेट पाहिजे, आणि काही आठवडे गावात राहून काम करावं लागते. तू जे लिहिलं ते वाचून मला तर तेच पहिले आठवलं.

गेट दे. स्कोअर तीन वर्षं चालतो, आणि गेटवर एमटेकला ॲडमिशन मिळाली की महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड. बाबांना हा आकडा सांग, बाकी राहू दे.

आता नावांचं. नावं दहा असली तरी आत धंदे दोनच आहेत. एक म्हणजे बिल्डिंग वापरताना किती वीज खाते, ती कशी कमी करायची. यात सॉफ्टवेअर, सिम्युलेशन, एसी, काच, आणि मग ग्रिहा, लीड, आयजीबीसी यांचे सर्टिफिकेट. दुसरा म्हणजे बिल्डिंग बांधतानाच किती कार्बन गेला, म्हणजे सिमेंट, स्टील, वीट, माती, चुना, बांबू. नोकऱ्या ९० टक्के पहिल्यात आहेत (माझा अंदाज, कोणी भांडू नका). तुझा प्रश्न दोन्हींच्या मधला आहे. कॉलेज निवडताना तिथल्या मास्तरांनी मागच्या दोन-तीन वर्षांत कशावर थिसिस करून घेतले ते वाच, वेबसाइटवरचे हिरवे फोटो पाहू नको.

स्कोप_काय

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं मेट्रोतल्या काचेच्या बिल्डिंगवाल्यांचे चोचले आहेत. आमच्या ओळखीचा एक मुलगा करून आला, सध्या एक्सेलमध्ये क्रेडिट पॉइंट भरते, सायकल स्टँड दाखवला की एक पॉइंट, झाडं लावली की एक पॉइंट. आणि तीच बिल्डिंग चोवीस तास एसीवर. एमपीएससीतून इंजिनिअर झाली तर निदान एस्टिमेट तुझ्या सहीनं जाईल.

गवंडी_पुसदचा

ताई, म्या काही शिकेल नाही, धावी नापास, भाच्याच्या मोबाइलवरून बोलून राहिलो तो टाइप करून राहिला. केस पांढरे झाले भिती बांधता बांधता. मातीचं घर थंड राह्यते हे सांगाले मास्टर कायले पाह्यजे? पन मातीचं घर बांधनारा आता भेटत नाही हे बी सांगतो. पांढरी माती आनाची, भिजू घालाची, कुटार टाकाचं, पायानं तुडवाची, मुरू द्याची, मंग एक थर चढवाचा, तो वायला का दुसरा. पावसाळ्याच्या आंधी छप्पर गेलंच पाह्यजे नाहीतर भित बसते. इतका टाइम कोनाले हाय? अन् दरसाल पोतारा कोन करन? पह्यले बाया करे, आता नाही करत, अन् काऊन करन बाप्पा, दिवसभर कापूस येचून आल्यावर? शहरातले लोक येतात, फोटो काढतात, वा वा करतात, सारवाले बसवा एकडाव त्यायले.

काळ्या मातीचं तर नावच नोका काढू. उन्हाळ्यात तिले हात जाईन इतक्या भेगा पडतात अन् पावसाळ्यात फुगते. पाया मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर प्लिंथ तडकलाच समजा. हे तुमच्या कोर्सात शिकवतात का नाही?

निळा_कूलर

काका दंडवत. पाया आमच्याकडे शिकवत नाहीत, तो सिव्हिलमध्ये झाला असं धरतात, आणि झालेला नसतो. काळी माती फुगते ती तिच्यातल्या माँटमोरिलोनाइटमुळे, पाणी त्याच्या थरांच्या मधात शिरते. त्यासाठी रुडकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेनं अंडर-रीम्ड पाइल काढले, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले, पण घरकुलाच्या बजेटमध्ये ते कोण करून देते. मुरमापर्यंत खोदणं हेच खरं.

दत्तपूर_रोड

वर्धेहून. सगळे मुंबई-अहमदाबाद सांगून राहिले म्हणून लिहितो, पहिले सेवाग्रामला जा ताई. दर्शनाला नाही, टेप घेऊन जा. १९३६ ची आदि निवास आणि नंतरची बापू कुटी, दोन्ही पाहा, छपराची पडवी भिंतीपासून किती बाहेर आहे ते मोज, खिडकीची उंची मोज, कवेलूच्या खाली काय आहे ते वर मान करून बघ. भिंतीवर ऊन किती वेळ पडते आणि पावसाचं पाणी किती लांब पडते, दोन्हीचं उत्तर त्या एका पडवीत आहे. आजकालच्या घराला छज्जा दीड फूट, तो पण खिडकीपुरता.

तिथून दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे. त्यांनी कुंभाराच्या चाकावरच्या शंकूसारख्या कवेलूंचं छत केलं, एकात एक कवेलू बसवत कमान करायची, तशा कमानी लागोपाठ लावल्या की छत तयार, लोखंड नाही, लाकूड नाही, आणि आतल्या पोकळीत हवा अडकते ते वेगळंच. गावातल्या कुंभाराला काम. हे चाललं किती आणि का नाही चाललं, यावर कोणी धड थिसिस करावा असं मला लय वाटते. कुंभार ते बनवू शकतो, गवंडी ते बसवू शकतो, पण ग्रामसेवकाच्या मोबाइल ॲपमध्ये त्याचा फोटो टाकला की वरून प्रश्न येते.

बेंबळाकाठ

वा, इतके रिप्लाय. काका, तुमचं खरं आहे, मी सारवणाच्या मागं नाही, आमच्याच घरी स्लॅब आहे अन् आईला मातीच्या घरात परत जा म्हटलं तर मलाच घराबाहेर काढेल. मला इतकंच पाहिजे की नवं घर बांधलं तर ते जुन्यापेक्षा गरम का व्हावं.

दत्तपूर_रोड दादा, पण नियमात माती बसते का? आमच्या इकडे तर सगळे म्हणतात आरसीसी नसलं तर हप्ता अडकते.

दत्तपूर_रोड

नियमात आरसीसीच पाहिजे असं कुठंच नाही. छत पक्कं पाहिजे, भिंत तिथल्या हवामानाला पुरली पाहिजे, नीट निगा राखली तर तीस वर्षं टिकलं पाहिजे, कमीत कमी २५ चौरस मीटर. उलट ग्रामविकास मंत्रालयानं यूएनडीपी आणि दिल्ली आयआयटीला घेऊन पहल नावाचा मोठा ग्रंथच काढला आहे, वेगवेगळ्या राज्यांतल्या भागांप्रमाणे स्थानिक साहित्याची घरं, ड्रॉइंगसकट. फुकट डाउनलोड होते. खाली कोणी उघडून पाहत नाही ही गोष्ट वेगळी. १ लाख २० हजारांत माणूस बिचारा जे मिस्त्रीला येते तेच करेल ना.

थंडीत_वऱ्हाडी

मी बाहेरचं सांगतो. मी वेल्समध्ये सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह टेक्नॉलॉजीतून मास्टर्स केलं. १९७३ मध्ये काही लोकांनी पाटीच्या दगडाची एक सोडून दिलेली खाण ताब्यात घेऊन ते सुरू केलं, आजही तिथंच आहे, डोंगरात, जवळचं गाव म्हणजे आपल्या कारंज्यापेक्षा लहान. २०२३ मध्ये त्यांनी पर्यटकांसाठीचं सेंटर बंद केलं पण पोस्टग्रॅज्युएट कोर्स चालू आहेत. ग्रीन बिल्डिंगचा वेगळा, सस्टेनेबल आर्किटेक्चरचा वेगळा. बरेचसे लोक नोकरी सांभाळून करतात, थोडे दिवस तिथं जाऊन राहायचं, बाकी घरून.

लेक्चर हॉलची गोल भिंत ठोकलेल्या मातीची आहे, रॅम्ड अर्थ, सात मीटरच्या वर उंच. पहिल्या दिवशी मी हात लावून पाहिला तर मास्तर म्हणाले भारतीय पोरं सगळी हेच करतात. वर्गात सुतार होता, नर्स होती, एक रिटायर्ड पोलीस होता. पण एक गोष्ट समजून घे, तिथं सगळा जीव उष्णता बाहेर जाऊ नये यात अडकलेला. भिंतीत फूटभर इन्सुलेशन, दरवाज्याच्या फटी बंद, जुनी घरं कशी उबदार करायची. गणित तेच, यू-व्हॅल्यू (भिंतीतून-छतातून किती उष्णता जाते तो आकडा) तीच, पण उत्तरं आपल्याकडे उलटी येतात. मी असाइनमेंटला नागपूरचं हवामान घेतलं तेव्हा ट्यूटरनं विचारलं की रात्रीचं किमान तापमान २८ लिहिलंय ते टायपो आहे का.

पैशांचं पाहून कर. कॉमनवेल्थ, चेव्हनिंग या शिष्यवृत्त्या आहेत, चेव्हनिंगला दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो तो तुझा झालाच असेल. एससी विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला युनिव्हर्सिटीच्या जागतिक रँकिंगची अट आहे, ओबीसी-एसटीसाठी वेगळ्या योजना आहेत. कर्ज काढून जायचं असेल तर साडेसात लाखांच्या वर बँक साधारण तारण मागते आणि तारण म्हणजे आपल्याकडे वावर. वावर गहाण टाकून बाहेर जाऊ नको, माझं स्पष्ट मत.

स्कोप_काय

बघा, शेवटी सगळे तेच बोलून राहिले, नोकरी कुठंय?

निळा_कूलर

नोकरी आहे भाऊ, फक्त यवतमाळात नाही. वीज वाचवायचे बांधकामाचे नियम आहेत, मोठ्या व्यापारी बिल्डिंगसाठी २०१७ चं ईसीबीसी, घरांसाठी २०१८ ची इको निवास संहिता, २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, म्हणजे शहरात हे काम वाढतच जाईल. पण गंमत पहा, ती २०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटसाठी काढली, २०१७ चं ईसीबीसी १०० किलोवॅट आणि वरच्या कनेक्टेड लोडसाठी. घरकुल, शाळेची खोली, अंगणवाडी यातल्या कशातच बसत नाही. जिथं एसीच नाही तिथं वीज वाचवायची काय म्हणून कायद्याला ते घर दिसतच नाही. तिथं मोजायची वीज नाही, माणसाला होणारा त्रास मोजायचा.

आता ताईचा प्रश्न, नवं घर जुन्यापेक्षा गरम का. दीड फुटी मातीची भिंत असली तर बाहेरची दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचायला दहा-बारा तासांच्या वर लागतात, म्हणजे ती आत येते तेव्हा मध्यरात्र उलटलेली, लोक अंगणात बाजेवर. चार-पाच इंची स्लॅबला तीन-चार तास लागतात. दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी सहाला आत. टिनाला काही मिनिटं. बरं, एकमजली घरात सगळ्यात जास्त उष्णता छतातून येते कारण मे मध्ये सूर्य डोक्यावर असतो. साध्या स्लॅबची यू-व्हॅल्यू तीनच्या आसपास, संहिता म्हणते १.२ च्या वर नको. म्हणून भिंतीवर वाद घालण्याआधी छताचं करा.

आणि थर्मामीटर लावून नुसतं हवेचं तापमान घेऊ नको, तिथंच बरेच प्रोजेक्ट फसतात. स्लॅबखाली हवा ३७ असली आणि स्लॅबची खालची बाजू ४५ असली तर माणसाला ते ३७ वाटत नाही, वरून चुलीसमोर बसल्यासारखी धग येते. त्यासाठी ग्लोब थर्मामीटर असते, काळ्या पोकळ गोळ्यात बसवलेलं. महाग वाटलं तर टेबल टेनिसचा बॉल घे, बारीक भोक पाड, काळा मॅट रंग दे, आत सेन्सर घालून भोक बंद कर. ४० मिलिमीटरचा बॉल चालतो, संशोधनात पण वापरतात. एक मातीच्या गोठ्यात टांग, एक घरकुलात, एक बाहेर सावलीत, माणूस बसतो त्या उंचीवर. एप्रिल ते जून तसंच टांगून ठेव. ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूला हा डेटा घेऊन गेली तर बाकी काही विचारणार नाहीत.

गवंडी_पुसदचा

आमी स्लॅबवर चुना मारतो उन्हाळ्यात, फेविकॉल टाकून. फरक पडते. पावसाळ्यात धुवून जाते, मंग पुढच्या साली आनखी.

निळा_कूलर

एकदम बरोबर काका. शेजारच्या तेलंगणानं तर २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच काढलं, त्यातलं मूळ हेच, ऊन शोषायच्या आधीच परत पाठवायचं. चिनी मातीच्या फुटक्या टाइल लावल्या तर दरवर्षीचा त्रास वाचतो, पण वजन वाढते आणि धूळ बसली की पांढरेपणा जातो, ते आपल्या वाऱ्याधुळीत पाहावं लागेल.

तुराटी

मधातच घुसते. मी आर्किटेक्ट, चंद्रपूर. विदर्भासाठी एकच उत्तर काढू नका बाप्पांनो. नागपूर-चंद्रपूर पट्टा नियमाप्रमाणे कंपोझिट हवामानात येतो, म्हणजे तीन ऋतूंची तीन तोंडं. मे मध्ये हवा कोरडी, कूलर मस्त चालतो, भिंत जाड असली की फायदा. जूनच्या शेवटी हवा ओली झाली की त्याच कूलरनं घरात नुसती चिकचिक, तेव्हा जाड भिंत नाही, आरपार वारा पाहिजे. डिसेंबरात ऊन आत यायला पाहिजे. जुन्या घरात लोक यासाठी जागाच बदलत, दुपारी माजघर, रात्री अंगण, पावसात ओसरी. २५ चौरस मीटरच्या खोलीत जागा बदलायची कुठं?

आणि साहित्याचं म्हणाल तर आमच्याकडे उलटीच स्थिती. सिमेंटचा चुनखडक कोरपना-गडचांदूरचा, भट्ट्या तिथंच, औष्णिक केंद्राची राख तिथंच. सिमेंटच्या कार्बनमधला निम्म्याहून जास्त भाग तर कोळशाचा पण नसतो, चुनखडक तापला की त्याच्यातूनच निघतो, म्हणून भट्टी सोलरवर चालवली तरी तो राहतोच. त्यावर एलसी-थ्री म्हणून सिमेंट आलं आहे, भाजलेली चिकणमाती आणि चुनखडकाची पूड घालून क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल, निम्म्यावर आणायचं, कार्बन ३० ते ४० टक्के कमी. मटेरियलमध्ये जायचं असेल ताई तर हा विषय जिवंत आहे आणि कारखाना तुमच्या घरापासून बसनं जाण्याइतका जवळ. बांबूचं पण पहा, चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. नुसतं मातीमाती करू नका. दाबाच्या विटांना सुद्धा कुठलीही माती चालत नाही, साधारण निम्मी वाळू पाहिजे आणि चिकणमाती २० टक्क्यांच्या आसपास. काळ्या मातीची वीट पाडून पाहा, वाळतानाच चार तुकडे.

बेंबळाकाठ

तुराटी ताई, हे जागा बदलायचं मी कधी असं पाहिलंच नव्हतं. आमच्या ड्रॉइंगमध्ये ओसरी पैसे वाचवायला पहिले कटते.

सध्या असं ठरवून राहिली की गेटचा फॉर्म भरते, सिव्हिलचाच. तोपर्यंत नोकरी सोडत नाही. सितारा आणि सेप्ट दोन्हीकडे अर्ज, जिथं स्टायपेंडवर भागेल तिकडे. बाहेरचं नंतर. बाबांना १२,४०० सांगितलं, ते म्हणाले दोन वर्षं का तीन? म्हणजे ऐकून राहिले.

स्कोप_काय

गेट दे, एमपीएससीचा फॉर्म पण भरून ठेव. सिलॅबस बराच सारखा आहे. हे मी भांडायला नाही सांगत.

थंडीत_वऱ्हाडी

हो, आणि इंग्रजीची धास्ती घेऊ नको. सॉफ्टवेअर आत्तापासून हाताळ, एनर्जीप्लस फुकट आहे, नागपूरची वेदर फाइल मिळते. पहिले एकच खोली कर, चार भिंती, एक छत, एक खिडकी. छत बदलून बदलून आतलं तापमान काय होते ते पाहत बस. त्यात मजा आली तर कोर्स झेपेल.

गवंडी_पुसदचा

ताई ते बालाचं सांगा आंधी, भाचा म्हनते क्रिकेटचा पलास्टिकचा बाल चालन का? टेबल टेनिस आमच्याकडे कोनी खेळत नाही. आमी पुसदले एक मातीचं अन् एक स्लॅबचं घर शेजारी शेजारी देतो टांगाले.

निळा_कूलर

जाड बॉल नको काका, उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, मग वेळ चुकते. पातळच पाहिजे. मी पुण्याहून सहा कुरिअर करतो, पत्ता मला व्यनि करा, धाग्यावर टाकू नका. काळा रंग तिकडेच घ्या, चकचकीत नको, शाळेच्या फळ्याला मारतात तो.